दिवसातून दोनदा

९ डिसेंबर, बुधवार. दुपारचे चार वाजले होते आणि मी स्टोव्हवर सिरिंज उकळत ठेवली होती. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत. पाण्याला आधण आलं की त्या पातेल्याच्या तळाशी खडखड वाजत राहायच्या. वीस मिनिटं उकळायच्या, चिमट्याने काढायच्या, डब्यात ठेवायच्या. काम शिपायाचं, पण शिपाई रजेवर होता. एरवी मी तेवढ्या वेळात दुसरी दोन कामं उरकत असे. त्या दिवशी नुसतीच खिडकी ते स्टोव्ह अशा येरझारा घालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी धाटावच्या एका चाळीत जाऊन मला एका कुत्र्याला कायमचं झोपवायचं होतं.

मरणाऱ्या कुत्र्यासाठी सिरिंज उकळायची काय गरज, असं कुणी विचारेल. सवय, दुसरं काय.

कुत्र्याचं नाव सायब. त्याला फिट यायच्या.

मी तेव्हा रोह्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होते. घर पेणला, रामवाडीत. सोमवार ते शनिवार दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायचं आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी जायचं, असा माझा क्रम. दवाखान्यात येणारी गिऱ्हाइकं म्हणजे गाई, म्हशी, बैल, बकऱ्या आणि त्यांचे धनी. नवीन माणूस आला की आधी खोलीभर बघायचा आणि विचारायचा, "डॉक्टर कुठं हायत?"

"मीच."

"व्हय. मंग थोरले डॉक्टर कवा येतील?"

म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं वासरू सरळ करून दाखवलं की हा प्रश्न त्या गावापुरता मिटायचा. मग पुढच्या गावचा माणूस यायचा.

कुत्री क्वचित यायची. कुत्रं आजारी पडलं तर ते आपलं आपण बरं होतं किंवा मरतं, असा सर्वसाधारण समज होता. कुत्र्याबद्दल माझ्याकडे निरोप यायचा तो एकच: पिसाळलंय, या. त्यामुळे ऑगस्टमध्ये विलास नावाचा तिशीतला माणूस कुत्र्याला कांबळ्यात गुंडाळून रिक्षाने घेऊन आला, तेव्हा मला आधी त्या रिक्षाचंच नवल वाटलं.

विलास रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. मूळ गाव पेणकडच्या खाडीकाठचं. वडील मिठागरावर राबलेले. आई गेल्यावर त्यांना चाळीत आणलेलं. घरात बायको सुगंधा आणि दोन वर्षांची मुलगी. कुत्रं रस्त्यावरचंच, तांबडं, एक कान मोडलेला. विलासबरोबर रोज कंपनीच्या गेटपर्यंत जायचं, वॉचमनच्या केबिनशेजारी बसायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पँटचा वास घेऊन मगच त्याला सोडायचं. म्हणून कामगारांनी नाव ठेवलं सायब. त्यावरून विनोदही पुष्कळ व्हायचे. "सायब पडला" असं कुणी ओरडलं की ऑफिसातली माणसं खिडकीत यायची.

"पडतो म्हणजे काय होतं?" मी विलासला विचारलं.

"उभ्याचा आडवा होतो, मॅडम. पाय ताठ. मग सायकल चालवल्यासारखे पाय मारतो. तोंडाला फेस. मुततो. दोन मिनटं. मग उठतो आनि मलाच वळखत नाय."

"ओळखत नाही, मग किती वेळाने ओळखतो?"

"अर्धा तास. भिंतींवर आपटतो, गोल फिरतो. मग पानी पितो घटाघटा आनि भाकरी मागतो."

पाणी पितो म्हटल्यावर माझा अर्धा जीव भांड्यात पडला. आकडी आलेला कुत्रा आणि पिसाळलेला कुत्रा यांत लोक गल्लत करतात, कारण फेस दोघांच्याही तोंडाला येतो. फरक साधा आहे. आकडी येऊन जाते आणि कुत्रा परत पहिल्यासारखा होतो. पिसाळलेला पहिल्यासारखा होत नाही, बिघडतच जातो, आणि थोड्याच दिवसांत मरतो. सायब सहा महिने पडत-उठत होता. तो पिसाळलेला असता तर एव्हाना मेला असता.

मग उपचार. फिटवर कुत्र्यांना देतात ते औषध माणसांचंच. मेडिकलवाला ते चिठ्ठीशिवाय देत नाही, कारण ते झोपेच्या गोळ्यांच्या कुळातलं आहे. चिठ्ठीवर मी रोग्याचं नाव लिहिलं: सायब. मेडिकलवाल्याने विलासला विचारलं, "साहेबांचं वय काय?" विलास म्हणाला, "चार." त्या मेडिकलवाल्याने मला फोन करून खात्री करून घेतली. बरोबरच केलं.

गोळीचं कसं असतं, तेही सांगते. ती फिट बरी करत नाही, दाबून धरते. रक्तात औषध एका पातळीवर टिकलं पाहिजे. पातळी खाली गेली की दाबलेलं वर येतं, आणि एकदम खाली गेली तर जोरात येतं. म्हणून गोळी रोज, दोन वेळा, जन्मभर. कुत्रं बरं दिसतंय म्हणून बंद करायची नाही. पहिले पंधरा दिवस ते झिंगल्यासारखं चालतं, फार खातं, फार पाणी पितं, घाबरायचं नाही. हे सगळं मी विलासला सांगितलं. फिट आल्यावर काय करायचं तेही सांगितलं: काही नाही. तोंडात हात घालायचा नाही, पाणी ओतायचं नाही, कांदा नको, चप्पल नको. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या, घड्याळ बघायचं आणि थांबायचं. लोकांना सर्वात कठीण जातं ते हे थांबणंच.

"दोनदा म्हंजे कवा कवा?" विलासने विचारलं.

बाहेर तीन बकऱ्या आणि एक लंगडा बैल ताटकळत होता. मी म्हटलं, "विसरायला नको म्हणून सोपं कर. कामावर जाताना एक, कामावरून आल्यावर एक."

मला तेव्हा हे वाक्य चांगलं जमल्यासारखं वाटलं. गावच्या माणसाला त्याच्या दिवसाच्या भाषेत सांगावं, असं मी नव्या मुलांनाही शिकवत असे.

सप्टेंबर बरा गेला. आठवड्याला दोन-तीनदा यायच्या त्या फिट आठवड्याला एकीवर आल्या, एखादा आठवडा मोकळाही गेला. मी डोस थोडा वाढवला. फरक पडला नाही. आणखी वाढवला. सायब दिवसभर झोपायला लागला, गेटपर्यंत जाताना मधेच बसायला लागला, पण फिट यायची ती आलीच. मी पुस्तकं काढली. पुण्यातल्या माझ्या एका सरांना पत्र लिहिलं. त्यांनी उलट टपाली कळवलं: काही कुत्री औषधाला दाद देत नाहीत. मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं.

चाळीत वेगळ्याच चर्चा सुरू होत्या. कुणी म्हणालं अमावास्येला येतात. कुणी म्हणालं कंपनीच्या नाल्याचं पाणी पितो म्हणून. अमावास्येचं ऐकून मी हसले. नाल्याचं ऐकून हसले नाही, पण तपासणार कशी?

मग नोव्हेंबरात ते झालं. दारातच सायब पडला. विलास घरी नव्हता. विलासचे वडील धर्माबाबा ओटीवर बसले होते. त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं तेच केलं: पायातली चप्पल काढून कुत्र्याच्या नाकाला लावली. कुत्र्याचे जबडे आवळले ते चप्पल आणि दोन बोटं यांच्यावर. त्याला काही कळत नव्हतं. फिटमध्ये कुत्रा चावत नाही, त्याचं तोंड मिटतं, इतकंच. पण बोटांना हा फरक कळत नाही. सहा टाके पडले.

शेजारच्या खोलीत पोर झोपलेली. सुगंधा मला नंतर म्हणाली, "मॅडम, बाबांच्या हाताच्या जागी तिचा हात असता तर?" ती मूर्खासारखं काही बोलत नव्हती.

चाळकऱ्यांनी काठ्या काढल्या. पिसाळला, मारा. विलास कामावरून धावत आला आणि कुत्र्याला घेऊन तसाच माझ्याकडे. नियम असा की चावलेला कुत्रा मारायचा नाही, दहा दिवस बांधून बघायचा. दहा दिवस जिवंत आणि धड राहिला तर चावला तेव्हा तो पिसाळलेला नव्हता. बाबांची इंजेक्शनं रुग्णालयात सुरू झाली आणि दहा दिवसांचा पाहुणा माझ्या मागच्या पडवीत आला.

मी घरात कुत्रं ठेवणारी बाई नाही. दिवसभर जनावरं, घरी आल्यावर तरी माणसं असावीत, एवढीच इच्छा. पण बांधायला दुसरी जागा नव्हती. सकाळी सातला रेडिओवर बातम्या लागल्या की माझा चहा आणि त्याची गोळी. संध्याकाळी सातच्या बातम्यांना पुन्हा गोळी. मधल्या रविवारी मी पेणला गेले नाही. घरून फोन आला, "कुणासाठी राहिलीस?" मी म्हटलं, "सायबासाठी." घरचे दोन दिवस घुश्शात.

मी मधेमधे उठून पडवीत बघून यायची. बांधलेल्या जनावराची मला कधी काळजी वाटली नाही, याची मात्र वाटे. तो झोपेत पाय हलवायचा आणि मी हातातली भाजी टाकून धावायची. तो स्वप्नात कुणाच्या तरी पँटचा वास घेत असायचा. एकदा जवळ जाऊन बसले तर माझ्या साडीच्या काठाचा वास घेतला आणि मला आत सोडल्यासारखा बाजूला सरकला.

दहा दिवसांत एकही फिट आली नाही.

अकराव्या दिवशी, गुरुवारी, त्याला परत पाठवताना मी चाळीत जाऊन सांगितलं की हा पिसाळलेला नाही. लोक नाइलाजाने गप्प बसले. धर्माबाबांनी बँडेज बांधलेला हात वर करून दाखवला. सगळं ठीक होतंय असं वाटतंय तोवर सोमवार आला आणि संध्याकाळी सायब पुन्हा पडला. या वेळी नळावर, सगळ्या बायकांसमोर. एक फिट संपायच्या आत दुसरी.

मी तिथे गेले आणि विलासवर तोंड टाकलं. माझ्याकडे दहा दिवस काही नाही आणि तुझ्याकडे चार दिवसांत दोन. याचा अर्थ काय? "तू गोळी देतच नाहीस," मी म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं.

त्याने गोळ्यांचं पाकीट आणून दाखवलं. संपत आलेलं. "देतो, मॅडम. पोरीची शपथ. जाताना एक, आल्यावर एक. तो माज्याच हातची घेतो, दुसऱ्या कुनाच्या नाय."

"मग माझ्याकडे का येत नाही फिट?"

"तुमच्या हाताला गुन असंल," सुगंधा म्हणाली. टोमणा होता. मी लायक होते त्याला.

त्यानंतर विलास कुत्र्याशेजारी बसून राहिला. जरा वेळाने तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बायको पोरीला घेऊन माहेरी जाते म्हनते. बाबा गावाला जातो म्हनतात. तुमीच करून टाका आता." गुरुवार सकाळ ठरली.

म्हणून मी बुधवारी चार वाजता सिरिंज उकळत होते.

खडखड ऐकताना मला गडबचा कुत्रा आठवत होता. माझी पहिली नेमणूक पेण तालुक्यात. हायवेवर गडबला एकाचं चहाचं दुकान होतं, त्याचा काळा कुत्रा, हाच आजार, हीच गोळी. तो दुकानदार सांगायचा, "दोन टाइम देतो, डॉक्टर." फिट थांबल्या नाहीत. मी त्याला झोपवलं. दुकानदाराने नंतर मला चहा दिला आणि मी तो प्यायले. तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. औषधाला दाद देत नसेल तर दुसरा उपाय नाही, असं मानून मी पुढच्या गावाला गेले होते.

दाराशी चपला वाजल्या. धर्माबाबा आले होते. धाटावहून चालत. धोतर, वर विलासचं जुनं स्वेटर, हाताला मळकं बँडेज. चाळीत त्यांचा जीव रमत नसे, दिवसभर कुठे ना कुठे चालत असत.

"बाय," ते म्हणाले, "उद्याचं पक्कं ना? ईचारायला आलू."

"पक्कं."

"कवा येशाल?"

"विलासची तिसरी शिफ्ट आहे. तो आला की. साडेसात-आठ."

ते बाकावर टेकले. पातेल्याकडे बघून म्हणाले, "हीच का ती सुई?"

"हीच."

मग म्हणाले, "वंगाल नाय त्ये कुत्रा. पोर दमलाय माजा. मी पन दमलू. कवा पडंल, कवा पडंल, नुस्ती वाट बघाची. दारात बसलू का नजर त्याच्यावं. मिठागराव पन असां नवतां."

"तिथे काय करायचात तुम्ही?" मी विचारलं. बोलायचं काहीतरी म्हणून.

"उघाडीव व्हतू. चालीस वरीस." उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातली झडप, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडायचं आणि भरती यायच्या आत बंद करायची. चुकली तर खारं पाणी आत, मिठाची आणि भाताची दोन्हींची माती. "दिसातून दोनदा पानी येनार म्हंजे येनार. पन बाय, पाहुना कसा येतो सांगून? तसां पानी नाय. आज सातला आला तर उद्या पावनेआठला. परवा साडेआठ. सरकत जातां. ज्याला दोनदा एवडांच म्हाईत, त्याची उघाडी बुडली. दोनदा ठाव असून काय कामाचां? कवा, त्ये ठाव लागतां."

मी चिमटा हातात धरून उभी होते.

"बाबा, विलास गोळी कधी देतो?"

"जाताना येक, आल्याव येक. तुमीच सांगलाव ना."

"आत्ता तिसऱ्या शिफ्टला?"

"रातीला धाला जातो तवा. न सकालचा आला का."

"आणि पहिली शिफ्ट असते तेव्हा?"

"तवा फाटेला. न दुपारी चारला येतो तवा."

"आणि रविवारी?"

धर्माबाबा हसले. समोरचे दोन दात नव्हते. "आयतवारी कुठं जातो त्यो? घरा असतो. जायाचां नाय, यायाचां नाय. ईलास म्हनतो, आज सायबाला पन सुट्टी."

मी स्टोव्ह बंद केला. बाबांना म्हटलं, मी उद्या पावणेसातला येते. विलास यायच्या आधी. ते म्हणाले, लवकर बरां, पोराला बघाया नको. आणि निघून गेले. मी त्यांना काही सांगितलं नाही, कारण मला स्वतःची खात्री नव्हती आणि एकदा सगळ्यांसमोर चुकीचं बोलून झालं होतं.

रजिस्टर काढलं. फिटच्या तारखा होत्या, मी स्वतः लिहिलेल्या. वार नव्हते. आमच्या रजिस्टरात वाराला रकानाच नाही. गाईला वार काय करायचाय? भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर घेतलं आणि एकेक तारीख लावली. सोमवार. सोमवार. एक मोकळा. सोमवार. मंगळवारची पहाट. एक मोकळा. सोमवार. मग कागदावर त्याच्या शिफ्टा मांडल्या. दुसरी शिफ्ट संपवून शनिवारी रात्री पावणेबाराला आलेला विलास गोळी देणार, रविवार सुट्टी, सोमवारी तिसऱ्या शिफ्टला रात्री दहाला निघताना पुढची गोळी. मधे जवळजवळ दोन दिवस. पहिली संपून दुसरी लागतानाही तेवढंच. फक्त रविवारी सकाळी तिसरी संपून सोमवारी पहाटे पहिली लागायची तेव्हा एका दिवसाचंच अंतर पडायचं, आणि तेच सोमवार मोकळे होते. मी डोस वाढवत गेले तशी ही घसरणही वाढत गेली असणार.

सायब औषधाला चोख दाद देत होता. दर आठवड्याला तो मला तेच सांगत होता आणि मी डोस वाढवत होते.

कागद उलटा ठेवला, सुलटा केला, पुन्हा उलटा ठेवला. विलासने माझा शब्द अन् शब्द पाळला होता. मी त्याला पोरीची शपथ घ्यायला लावली होती.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी उगाच आशा धरणार नाही. सायबाच्या फिट कायमच्या थांबल्या नाहीत. वर्षाला दोन-तीन येत राहिल्या, विशेषतः गणपतीत फटाके वाजले की. बाकी दिवस तो गेटवर पँटी हुंगत असे. पुढे सात वर्षं जगला. माझी बदली झाल्यावरही विलास दिवाळीला पेणला येऊन जायचा, आणि चहा होईपर्यंत आमचं बोलणं बहुतेक कुत्र्याच्या लिव्हरवर चालायचं. गोळीने लिव्हर खराब होतं, पुढे त्यातच तो गेला. धर्माबाबा त्याच्या आधी दीड वर्ष गेले.

गुरुवारी सकाळी पावणेसातला मी मोपेडवरून चाळीत पोहोचले. सिरिंजचा डबा पिशवीत होता. घेऊन जाण्याचं कारण नव्हतं, पण रिकाम्या हाताने गेले असते तर लोकांनी ऐकून घेतलं नसतं. कुत्रं मरणार म्हटल्यावर दहा-बारा माणसं दात घासत बाहेर आली होती. सायब दाराच्या कडीला बांधलेला. सुगंधा पोरीला कडेवर घेऊन आत, अर्धं दार लोटून.

मी ओट्यावर बसले आणि जेवढ्या मोठ्याने सोमवारी बोलले होते तेवढ्याच मोठ्याने सांगितलं की चूक माझी होती. काय चूक, तेही सांगितलं. चाळीत सगळेच शिफ्टवाले. त्यांना समजायला दोन मिनिटं लागली नाहीत. एक जण म्हणाला, "म्हणजे सायबाला विकली ऑफ लागू नाय."

"नाही."

"ओव्हरटाइम तरी द्या त्याला."

सुगंधा हसली नाही. "मॅडम, आनि पोरीला चावला तर?"

"चावणार नाही असं मी सांगत नाही. पडला की पोरीला उचलायचं आणि दार ओढून घ्यायचं. दोन मिनिटं. एक महिना बघ. सोमवारी आली, तर त्याच दिवशी मी येते आणि तुला विचारतसुद्धा नाही."

तिने पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "येक महिना," म्हणाली. "पन गोली देनार कोन? हे सातला घरी नसतात. मी जवल नाय जानार, आदीच सांगते."

तिच्याखेरीज घरात सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला न चुकता असणारा माणूस एकच होता. मी धर्माबाबांकडे बघितलं. त्यांनी बँडेजचा हात मागे घेतला.

"माजीच दोन बोटां खाल्ली त्यानी, न मीच त्याला भरवू?"

"चप्पल तुम्ही लावलीत."

"मंग काय गुलाब लावू?"

"बाबा, चाळीस वर्षांत उघाडी किती वेळा चुकली?"

त्यांना राग आला. खरोखरचा. "येकदा पन नाय."

"ती तर रोज सरकायची. ही सरकत नाही. सातला सात."

ते उठले, आत गेले. फडताळ वाजलं. बाहेर आले ते सुक्या बोंबलाचं डोकं घेऊन. मी दिलेली गोळी त्यांनी डाव्या हाताने त्यात खुपसली, हात लांब करून, अंग मागे ठेवून, अंगार धरावा तसं ते डोकं सायबापुढे धरलं. सायबाने आधी बँडेजचा वास घेतला, मग धोतराचा. मग बोंबील घेतला आणि एका घासात गिळला.

"वाजलं किती?" बाबांनी विचारलं.

"सात वाजून दोन मिनिटं."

"दोन मिनटां गेली तुमच्या भाषनात."

आठ वाजून गेले तरी विलास येईना. चालत अर्ध्या तासाचा रस्ता. शेवटी कोपऱ्यावर दिसला. सायकल हातात धरून चालत होता, डबा हँडलला, मान खाली. चाळीजवळ आला तसा आणखी हळू झाला. दाराकडे बघायचं टाळून त्याने सायकल भिंतीला लावली.

"झालां?" त्याने वडलांना विचारलं.

"झालां," धर्माबाबा म्हणाले. "सातला दिली. आता सांजला सातला."

विलासला कळायच्या आत सायबाने साखळी ताणून त्याच्या पँटचा वास घेतला.

मी तिथे थांबले नाही. मला नऊला बकऱ्या होत्या. दवाखान्यात आल्यावर सिरिंजचा डबा फळीवर ठेवला, रजिस्टर उघडलं आणि पट्टी घेऊन तारखेच्या रकान्याशेजारी वाराचा रकाना आखला. मागच्या पानांवरही आखला, अगदी पहिल्या पानापर्यंत. गडबच्या कुत्र्याचं पान मात्र पेणच्या रजिस्टरात होतं.